गाळून घेणारी अक्का

कॉकपिटमध्ये बसून पाणी गाळून पिणारी कॅप्टन मी आजवर एकच बघितली. उड्डाणाच्या आधी, विमानाची दारं अजून उघडी असताना, ती बॅगेतून स्टीलचा पेला काढायची, त्याच्या तोंडावर पांढऱ्या सुती कापडाची घडी धरायची आणि कंपनीने दिलेल्या बाटलीतलं पाणी त्यातून सावकाश ओतायची. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला राहवलं नाही. म्हणालो, "मॅडम, बाटली सीलबंद आहे. शुद्ध करूनच भरतात." शेवटचा थेंब उतरेपर्यंत तिने मान वर केली नाही. मग कापड पिळून घडी केलं आणि म्हणाली, "सील त्यांचं हाय. पोट माझं हाय."

शिरोळकडच्या नदीकाठच्या एका गावात, जैन शेतकऱ्याच्या घरात ती वाढली. त्या बाजूला कन्नड मुलूख हाकेच्या अंतरावर, म्हणून घरात थोरल्या बहिणीला अक्का आणि आईला आव्वा म्हणायची पद्धत. धाकट्या भावंडांची अक्का पुढे गल्लीची झाली, मग गावाची झाली, आणि मी कंपनीत लागलो तोवर अख्ख्या कोल्हापूर विमानतळाची झालेली होती. सामान चढवणारे, तपासणीवाले, चहावाला, सगळे तिला अक्काच म्हणायचे. कागदावर तिचं एक चांगलं लांबलचक नाव होतं, पण ते वापरणारा माणूस मला भेटला नाही.

माझ्यापुरतं अक्का म्हणणं हा नुसता जिव्हाळा नव्हता, तो हुकूम होता. मी नवा सहवैमानिक. पहिल्या दिवशी 'मॅडम, आपण' अशी भाषा चाललेली. इंजिन सुरू करायच्या आधी तिने मला थांबवलं. "हे बघ, मला अक्का म्हण आणि अगं-तूगं कर. माझं चुकायला लागलं तर तू सांगायचं हायस. 'मॅडम, आपल्या परवानगीनं बोलू का' म्हणंपर्यंत विमान उसात जाईल." मी हसलो. ती हसली नाही. "आता सांग, माझं चुकलं तर काय म्हणशील?"

"अक्का, तुझं चुकतंय."

"मोठ्यानं म्हण की. कोल्हापूरचाच न्हवं तू?"

मी कळंब्याचा आहे असं सांगितलं. कळंब्याचं तळं प्रसिद्ध आणि तितकाच तिथला तुरुंगही. अक्काने माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि विचारलं, "आतला का बाहेरचा?" त्या दिवसापासून मी कळंबेकर झालो. माझं खरं आडनाव तिने फक्त कागदावर सही करताना वाचलं असेल.

मोठ्याने बोलण्याच्या बाबतीत मात्र तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. आमचं विमान दोन पंख्यांचं, लहानसं. अक्का ध्वनिक्षेपकावर बोलायला लागली की शेवटच्या रांगेत झोपलेला माणूस उठून बसायचा. इंग्रजी आणि हिंदी उरकून झालं की ती मराठीत यायची आणि मग तिला मोकळं वाटायचं. "पावणं, पट्टा लावून बसा. वरती जरा हादरं हायत. विमानाला काय होत न्हाय, पण चहा सांडतोय." आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असं बोलतात, तशीच ती थेट 'मी कॅप्टन बोलतो' म्हणायची, आणि परगावचे प्रवासी चमकून एकमेकांकडे बघायचे. एकदा कुणीतरी तक्रार केली की कॅप्टनची भाषा प्रमाण नाही. वरून समज आली. अक्काने काही दिवस अगदी शुद्ध, वर्तमानपत्री मराठीत निवेदनं केली. तेवढ्या दिवसांत नेहमीच्या प्रवाशांनी उतरताना आमच्या स्मिताला विचारून बेजार केलं, की अक्का आजारी आहे का. स्मिता ही केबिनची मुख्य, चंदगडची. तिने ते वर कळवलं आणि अक्का पुन्हा हादऱ्यांवर आली.

पाणी गाळून पिणं हा तिच्या घरचा धर्म. तिने तो पाण्यापुरता ठेवला नाही, एवढंच. कुठलीही गोष्ट कानावर आली की तिचा पहिला शब्द असायचा, "गाळून घे." मी म्हणायचो, अक्का, हैदराबादला ढग फार आहेत म्हणे. ती विचारायची, "कोण म्हणतंय? कधी म्हणाला? तवा तो कुठं होता?" बहुतेक वेळा असं निघायचं, की म्हणणाऱ्याने दुसऱ्याकडून ऐकलंय आणि त्या दुसऱ्याला विमान चुकवायला निमित्त हवं होतं. तिची गाळणी एवढी बारीक होती, की विमानतळावर कुणाची बदली, कुणाचं लग्न, असल्या बातम्या तिच्यापर्यंत पोचायच्याच नाहीत. सांगायला गेलेला माणूस तिसऱ्या प्रश्नाला गळून जायचा.

सूर्य मावळल्यावर जेवायचं नाही, हाही घरचाच नियम. संध्याकाळच्या फेरीला यात फार मजा यायची. खाली अंधार झालेला, गावातले दिवे लागलेले, आणि आम्ही वर, तर समोर सूर्य अजून लख्ख. मी तिला डिवचायचो, "अक्का, जेव की. सूर्य दिसतोय." तिलाही प्रश्न पडला असावा, कारण एकदा तिने गावी फोन करून आईला विचारलं. आव्वाने क्षणभरही विचार न करता निकाल दिला, की ज्या गावातून उठलीस त्या गावचा सूर्य धरायचा, उंच जाऊन सूर्याला फसवायचं नाही. तेव्हापासून अक्काचा डबा विमान उभं असतानाच उघडायचा. ज्वारीची भाकरी, कांदा-लसूण नसलेली मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी. दोन्ही वैमानिकांनी एकच जेवण जेवू नये असा आमच्या धंद्यातला नियम आहे, एकाला बाधलं तर दुसरा धडधाकट हवा म्हणून. अक्का म्हणायची, "आपली जोडी कंपनीनं बघून लावल्या. तुझं मी खात न्हाय आणि माझं तुला पुरत न्हाय."

पण हे सगळं विमान उभं असताना. एकदा का ते धावपट्टीच्या तोंडाशी आलं, की तिचा चेहराच वेगळा व्हायचा. दर उड्डाणाआधी, मग ते दिवसातलं पहिलं असो की शेवटचं, ती तेच म्हणायची. "आधी विमान, मग वाट, मग तोंड." म्हणजे काहीही बिघडलं तरी आधी विमान उडतं ठेवायचं, मग जायचं कुठं ते ठरवायचं, आणि मग कुणाशी काय बोलायचं ते बोलायचं. "आणि घंटा वाजली की माझं हात कामात, तुझं मांडीवर. एक श्वास झाला की मग काय ते." हे मी इतक्या वेळा ऐकलं, की ती 'आधी' म्हणायच्या आतच माझे हात मांडीवर जायला लागले. त्यावर ती म्हणायची, "आता न्हाय रे. घंटा वाजल्यावर."

हात मांडीवर ठेवण्याचं वेड तिला कुठून लागलं, हे तिने मला एकदा सांगितलं. वैमानिकांना जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये संकटांचा सराव देतात. अक्का तिथे शिकवायलाही जायची. एक इंजिन बिघडलंय असं दाखवलं की चांगली चांगली, हुशार पोरं घाईत दुसऱ्याच, धडधाकट इंजिनाचा दांडा ओढून ते बंद करून मोकळी होतात, हे तिने डोळ्यांनी बघितलं होतं. "बिघाडानं माणूस मरत न्हाय, कळंबेकर. बिघाड झाला म्हणून जे घाईनं करतोय, त्यानं मरतोय." म्हणून दोघांनी इंजिनाचं नाव घेतल्याशिवाय दांड्याला हात लावायचा नाही. कंपनीचा नियमही तोच होता. पण नियम सगळेच वाचतात, अक्का तो गिरवून घ्यायची.

आता आव्वाबद्दल सांगायला हवं. अक्काच्या विमानात तिचं अख्खं गाव बसून गेलं होतं. सोसायटीचे चेअरमन बसले, शाळेतले गुरुजी बसले, वारणानगरच्या कारखान्यात असलेला भाऊ बायकामुलांसकट बसला. बसली नव्हती ती एकटी आव्वा. दरवर्षी नवं कारण निघायचं. गुडघे दुखतात, म्हैस व्यायला झालीय, विमानात पाणी गाळायला कोण देणार. अक्का चिडायची, मग हसण्यावारी न्यायची, आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारायची.

एकदा मी तिच्या घरी जेवायला गेलो होतो. आव्वा म्हणजे उंच, सडसडीत म्हातारी. आवाज लेकीचाच, फक्त थोडा घासलेला. मी पंगतीत सहज म्हणालो, "आव्वा, आता एकदा बसाच अक्काच्या विमानात." भाकरी वाढता वाढता ती म्हणाली, "मला भ्या वाटतंय म्हणून बसत न्हाय, असं वाटतंय व्हय तुला? मला कशाचं भ्या. मी मागं बसलो की हिचं अर्धं ध्यान माझ्यात राहणार. आईला नीट बसवलंय का, आईला मळमळतंय का. मग बाकीच्या लोकांनी काय करायचं? त्यांनीबी तिकीट काढलंय की."

मी अक्काकडे बघितलं. परत येताना गाडीत ती म्हणाली, "सगळ्या गावाला माझा भरवसा हाय. घरातच न्हाय." तिला ते फार लागलं होतं. आईचं तिच्यावरचं प्रेम कमी नव्हतं, पण तिला प्रेम नको होतं. तिला आईकडून आपल्या कामाचा भरवसा हवा होता, आणि आई तो द्यायला तयार नव्हती.

शेवटी आव्वा तयार झाली ती गुडघ्यांमुळेच. भावकीतल्या मंडळींनी कर्नाटकातल्या देवदर्शनाचा बेत काढला. बसचा प्रवास तिला झेपणारा नव्हता, आणि बेंगळुरूचं विमान सकाळचं होतं. त्या दिवशी कॅप्टन अक्का होती आणि शेजारी मी. मंडळी आली. हातात पिशव्या, डब्यांची गाठोडी, तपासणीत अडवलेल्या अडकित्त्यावरून चाललेला वाद. अक्काने सगळ्यांना हात जोडले, आव्वाच्या पाया पडली, आणि कॉकपिटकडे येता येता स्मिताला म्हणाली, "तिला कुठं बसवलीस, ते मला सांगू नको." स्मिताने सांगितलं नाही. मलाही नाही.

हवा छान होती. थंडीचे दिवस, स्वच्छ ऊन, वारा समोरून. अक्काने पाणी गाळलं, प्यायली, डबा बॅगेत सारला. धावपट्टीच्या तोंडाशी नेहमीचं म्हणून झालं. विमान अक्का उडवणार, मी मदतीला. आम्ही धावलो, उठलो, मी चाकं वर घेतली. खाली उजळाईवाडीची घरं मागे पडली आणि उसाची शेतं लागली, तेवढ्यात घंटा वाजली.

लाल दिवा उजव्या इंजिनाचा होता. तेलाचा दाब कमी. विमान अजून जमिनीजवळच होतं, खालच्या रस्त्यावरच्या दुचाक्या ओळखू येत होत्या. माझे हात मांडीवर गेले. मला वाटलं होतं तसं मी ठरवून काही केलं नाही, ते आपोआप गेले. अक्का समोर बघत होती. आवाज तोच, डब्याचं झाकण मागतानाचा.

"विमान उडतंय. वाट सरळ. आता बघ. दिवा काय म्हणतोय?"

"उजव्या इंजिनाला तेलाचा दाब नाही म्हणतोय."

"गाळून घे. काटा काय म्हणतोय?"

दिवा आणि काटा ही दोन वेगळी माणसं आहेत. कधी कधी दिवाच बिघडलेला असतो आणि इंजिन ठणठणीत असतं. मी काट्याकडे बघितलं. काटा जागेवर होता. मी तसं सांगितलं. "बघत राहा," अक्का म्हणाली आणि विमान सरळ वर नेत राहिली. इंजिन चालत होतं तोवर त्याची ताकद घेऊन उंची मिळवायची, हे तिचं चाललं होतं. मी काट्यावरची नजर हलवली नाही. आधी तो थरथरला. मग खाली यायला लागला, आणि थांबेना.

"अक्का, काटा पडतोय. लालात आला."

"दोघं एकच सांगायलेत. मग खरं हाय. बंद करूया. हात ठेव, ओढू नको. कुठलं?"

"उजवं."

तिने एकदा माझ्या हाताकडे बघितलं, एकदा काट्याकडे. "उजवं. ओढ."

मी दांडे एकामागून एक ओढले, दर वेळी तिने नाव घेतल्यावर. उजवीकडचा पंखा मंदावला, पाती वाऱ्याच्या रोखाने वळली आणि थांबली. विमानाने उजवीकडे मान वळवायचा प्रयत्न केला. अक्काने डावा पाय रोवून त्याला सरळ धरलं. एका इंजिनावर आम्ही हळूहळू का होईना, वर चढत होतो. मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं, की मी घाबरलेलो नाही. माझं काही शौर्य नव्हतं त्यात. घाबरायला जी रिकामी जागा लागते, तीच अक्काने ठेवली नव्हती.

"वाट," ती म्हणाली. "पुढं जायचं का मागं? बोल."

मी म्हणालो, "परत कोल्हापूर. जवळ आहे."

"जवळ हाय म्हणून न्हाय. घर दिसलं की माणूस घाई करतोय. वारा बघ, धावपट्टी पुरती का बघ, मग सांग." मी हिशेब केला. वारा सरळ, धावपट्टी पुरत होती, हवा स्वच्छ. "पुरतीय, अक्का." "मग परत. आता तोंड. टॉवरला सांग."

मी टॉवरला संकटाची सूचना दिली. टॉवरने धावपट्टी मोकळी केली, अग्निशमनच्या गाड्या बाहेर काढल्या. तेवढ्यात स्मिताचा मागून फोन आला. उजव्या खिडक्यांतून थांबलेला पंखा दिसत होता आणि गलका सुरू झाला होता. एक काका उभे राहून 'दार उघडा' म्हणत होते. दार उघडून ते कुठे जाणार होते, हे त्यांनाही ठाऊक नसावं. अक्काने विमान माझ्या हातात दिलं. "तुझ्याकडं." "माझ्याकडं," मी म्हणालो. तिने ध्वनिक्षेपक घेतला.

"पावणं, मी कॅप्टन बोलतो. उजवा पंखा थांबलेला दिसतोय तुम्हांस्नी. तो बंद पडला न्हाय, मी बंद केलाय. त्याच्या तेलाची तक्रार हाय. जोडीतला एक बैल लंगडायला लागला की त्याला सोडायचा, आणि दुसऱ्यावर सावकाश घरी यायचं. दुसरा दमदार हाय. आम्ही कोल्हापुरातच उतरालोय. खाली लाल गाड्या दिसतील, त्या रिवाजाच्या हायत. उभारलेल्यांनी बसून घ्या. आणि उजव्या खिडकीतल्यांनी त्या पंख्याकडं टक लावून बघू नका, त्याला लाज वाटती."

मागे हशा पिकल्याचं दारातूनही ऐकू आलं. काका बसले, असं स्मिताने नंतर सांगितलं. अक्काने विमान परत घेतलं.

उतरण्याचं वर्णन करण्यासारखं त्यात काही नाही, आणि तेच तिचं कसब. लांब, रुंद वळण घेऊन ती धावपट्टीसमोर आली. चालू इंजिनाला उगीच पिळलं नाही, वेग थोडा जास्त ठेवला, पायाचा दाब वाऱ्याप्रमाणे कमी-जास्त करत राहिली. मी उंची आणि वेग वाचून दाखवत होतो. दोनदा ती 'व्हय' म्हणाली. बाकी काही नाही. चाकं टेकली, विमान मध्यावर धावलं, थांबलं. बाजूने लाल गाड्या धावत आल्या. आग नव्हती, धूर नव्हता, नुसता उजव्या इंजिनाखाली तेलाचा ओघळ होता. आतल्या एका जोडाचं सील गेलं होतं, असं पुढे तपासणीत निघालं.

अक्काने सगळं बंद केलं, तपासणीची यादी शेवटपर्यंत वाचून घेतली आणि माझ्या पाठीवर एक थाप मारली. कंपनीने दिलेल्या कुठल्याही प्रशस्तिपत्रापेक्षा मला ती थाप मोठी वाटते. मग टोपी घालून ती शिडीखाली जाऊन उभी राहिली. प्रवासी उतरत होते. कुणी तिचे हात धरत होतं, कुणी पाया पडायला बघत होतं, भावकीतल्या बायका रडत होत्या. ती प्रत्येकाला तेच म्हणत होती, "सावकाश. पायरी बघून." आव्वा सगळ्यांत शेवटी उतरली. स्मिताने हात धरलेला, तो शेवटच्या पायरीवर तिने सोडला.

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. मी शिडीवरच होतो. मला वाटलं, आता ती लेकीला जवळ घेईल. तिने घेतलं नाही. लेकीच्या तोंडाकडे रोखून बघत तिने विचारलं, "वर माझी आठवण आलती?"

अक्काने डोळे खाली घातले नाहीत. "न्हाय, आव्वा."

"एकदाबी न्हाय?"

"एकदाबी न्हाय."

एवढ्या मोठ्या प्रसंगातून उतरलेल्या म्हाताऱ्या आईला दिलासा म्हणून एक खोटं बोललं असतं तर काय बिघडलं असतं, असं वाटून गेलं. मग मी आव्वाचा चेहरा बघितला. इतक्या वर्षांचं काहीतरी त्या चेहऱ्यावरून उतरलं होतं. तिने पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाली, "मग बरं झालं. आता कवाबी बसतो." अक्काने तिच्या हातातली पिशवी घेतली.

दुपारी दुसरं विमान आलं. अशा प्रसंगानंतर वैमानिकांना लगेच उडू देत नाहीत, जबाब असतात, तपासण्या असतात. म्हणून वैमानिकही दुसरे आले. भावकी भीतभीत का होईना, पण जायला तयार झाली. आव्वाने विचारलं, "चालवायला कोण हाय?" दुसरे कॅप्टन आहेत, चांगले अनुभवी आहेत, असं सांगितल्यावर ती बाकावर पिशवी मांडीवर घेऊन घट्ट बसली. "मी न्हाय जात. आमची चालवणार असंल तवा सांगा." सगळ्यांनी समजावलं. ऐकेना. जबाब उरकून अक्का बाहेर आली तेव्हा आई तिची वाट बघत बसलेली होती. दोघी एकाच गाडीतून गावी गेल्या. पुढे अक्काने तिला बेंगळुरूला नेऊन आणलं, आणि नंतर तर आव्वाला विमानाची इतकी गोडी लागली, की म्हशीची सगळी कारणं बंद झाली.

यथावकाश मी कॅप्टन झालो आणि माझी बदली दूर झाली. जाताना अक्काने उपदेश केला नाही. म्हणाली, "शेजारी बसणाऱ्या पोराला अगं-तूगं, अरे-तुरे काय ते करू दे. तेवढं बघ." मी ते पाळतो. माझ्या शेजारी बसणारी मुलं मला दादा म्हणतात आणि माझं चुकलं की मोठ्याने सांगतात. त्यातल्या एकीने तर मागच्या महिन्यात इतक्या मोठ्याने सांगितलं, की माझ्या कानात अजून घुमतंय. तिचं बरोबर होतं.

आव्वा गेली. झोपेतच गेली, त्रास झाला नाही. मला बातमी उशिरा कळली आणि अक्काला भेटायला लगेच जाता आलं नाही. काही आठवड्यांनी रजेवर कळंब्याला यायला निघालो, तर हैदराबादहून नेमकं अक्काचंच विमान मिळालं. मी मागे बसलो, तिला कळू दिलं नाही. ध्वनिक्षेपकावर तोच आवाज, तीच चहा सांडायची सूचना. कोल्हापूर आलं, चाकं हलकी टेकली. इंजिनं थांबली, पंखे फिरायचे राहिले, लोक उतरून गेले. मी उठून पुढे गेलो आणि कॉकपिटच्या दारात उभा राहिलो.

सहवैमानिक खाली उतरलेला होता. अक्का एकटी खुर्चीत बसली होती. कानावरचा हेडफोन काढून मांडीवर ठेवलेला, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने ते पुसायची घाई केली नाही. मला बघून दचकलीही नाही.

"ये, कळंबेकर. बस."

मी माझ्या जुन्या जागेवर बसलो. ती म्हणाली, "वर असताना येत न्हाय रे तिची आठवण. हितं इंजिनं बंद झाली की येती."

खालून कुणीतरी हाक मारली, पुढच्या फेरीचे प्रवासी सोडायचे का. अक्काने तोंड पुसलं. "जरा थांबवा," तिने खिडकीतून सांगितलं, आणि आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.